‘आधीच का नाही नेलं?’ : खेड्यातली बाई कुठे बाळंत होते, आणि का

दर पावसाळ्यात एक बातमी येतेच. गाव बदलतं, बाई बदलते, चित्र तेच असतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव नाहीतर अक्कलकुव्याच्या डोंगरातून चार माणसं बांबूला बांधलेली झोळी खांद्यावर घेऊन निसरड्या वाटेने उतरत असतात आणि झोळीत कळा देणारी बाई असते. वर्तमानपत्रांनी या झोळीला ‘बांबूलन्स’ असं नावही देऊन टाकलंय. तिकडे गडचिरोलीत पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. त्या भागात एका गरोदर बाईला जेसीबीच्या खोऱ्यात बसवून नाला ओलांडून नेल्याचं दृश्य तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल.

ते बघून जीव कळवळतो. आणि मग कुणीतरी म्हणतंच, ‘दिवस भरत आलेत हे माहीत होतं ना? मग आधीच का नाही नेलं?’

प्रश्न रास्त आहे. अडचण एवढीच की तो विचारणाऱ्याने बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरवलेलं असतं: अडाणी लोक, अंधश्रद्धा, दुसरं काय. आशाताईंबरोबर पाड्यांवर फिरताना मला हे उत्तर कधीच पटलं नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. बाळंतपण दवाखान्यातच व्हावं, असं मला मनापासून वाटतं. पण घरी राहणाऱ्या बाईचा स्वतःचा एक हिशोब असतो, आणि तो बऱ्याचदा आपल्यापेक्षा पक्का असतो. तो समजून घेतल्याशिवाय ही झोळी थांबणार नाही.

सगळ्या दवाखान्यांत सारखं काम होत नाही

सरकारी कागदांत ‘संस्थात्मक प्रसूती’ असा शब्द असतो. त्याचा अर्थ घराबाहेर, सरकारी किंवा खासगी दवाखान्यात झालेलं बाळंतपण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की २००५-०६ मध्ये देशात शंभरातली जेमतेम ३९ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये हा आकडा ८९च्या घरात गेला. महाराष्ट्रात तो जवळपास ९५ आहे. म्हणजे ‘खेड्यातल्या बायका दवाखान्यात जात नाहीत’ ही समजूत आता जुनी झाली. जातात, आणि बहुतेक जणी सरकारी दवाखान्यातच जातात. जी थोडी बाळंतपणं घरी होतात ती सगळीकडे सारखी विखुरलेली नाहीत. सातपुड्यातले पाडे, मेळघाट, गडचिरोलीचं दक्षिण टोक, जव्हार-मोखाडा आणि ऊसतोडीचे तळ इथे ती गोळा झालेली दिसतात.

पण दवाखाना म्हणजे कोणता? गावाजवळ उपकेंद्र असतं, तिथे नर्सताई असते. सरकारी निकषाप्रमाणे साधारण पाच हजार लोकांमागे एक, आदिवासी आणि डोंगराळ भागात तीन हजारांमागे एक. त्याच्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथे डॉक्टर आणि बाळंतपणाची खोली. मग तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्ह्याचं. सरळ बाळंतपण आरोग्य केंद्रात होऊ शकतं. सिझर करायचं तर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर हवा, भूल देणारा हवा आणि हाताशी रक्त हवं. यांतलं एक जरी नसलं की चिठ्ठी लिहून बाईला पुढे पाठवतात.

आपल्या गावातली वीज आठवून बघा. फ्यूज उडाला तर गावचा वायरमन बसवून देतो. डीपी जळली तर तो काहीच करू शकत नाही. तालुक्याहून गाडी येईपर्यंत गाव अंधारात. वायरमनचा त्यात दोष नाही, त्याच्याकडे ते सामानच नसतं. आरोग्य केंद्राचं तसंच आहे. विजेची वाट दोन दिवस बघता येते, बाळंतिणीकडे मात्र तेवढा वेळ नसतो.

घात कुठे होतो?

बहुतेक बाळंतपणं आपली आपण नीट पार पडतात. म्हणून तर घरी बाळंत झालेल्या शेकडो बायका धडधाकट दिसतात. शंभरातल्या साधारण पंधराजणींना काहीतरी गुंतागुंत होते. मूल आडवं येतं किंवा अडकतं, रक्तदाब चढून झटके येतात, नंतर ताप भरतो. आणि सगळ्यांत घाईचं म्हणजे रक्त जाणं.

रक्त का जातं हे एकदा नीट समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. नऊ महिने बाळाला रक्त पुरवणारी वार गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असते. दिवस भरत आले की गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त खेळत असतं. बाळ बाहेर आलं, वार सुटली, की त्या भिंतीवरच्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद कोण करतं? गर्भाशयाचा स्नायूच. तो मुठीसारखा घट्ट आवळला जातो आणि तोंडं दाबली जातात. म्हणून बाळंतपणानंतर नर्सताई बेंबीखाली पोट चाचपून बघते. हाताला गोळा लागला तर बरं, मऊ लागलं तर धोका. मूठ वळलीच नाही तर धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत दगावू शकते. अंगात रक्त आधीच कमी असेल तर तेवढाही वेळ मिळत नाही.

यावर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आहे. बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात ते दिलं की मूठ वळायला मदत होते. इंजेक्शन स्वस्त आहे, पण ते थंड ठेवावं लागतं, २ ते ८ अंशांत. म्हणजे फ्रिज हवा, फ्रिजला वीज हवी. हेच इंजेक्शन बाळ पोटात असताना, ‘कळा वाढवायला’ म्हणून घरी कुणी टोचत असेल तर त्याचा हात धरा. त्याने गर्भाशय फाटू शकतं. खेड्यापाड्यात हा प्रकार होत आलाय, म्हणून हे वेगळं सांगते.

आता महत्त्वाची गोष्ट. कुणाची मूठ वळणार नाही हे आधी कळत नाही. उंची कमी, रक्त कमी, आधीचं सिझर, जुळं अशा बायकांची नावं ‘जोखमीच्या माता’ म्हणून वहीत लिहिलेली असतात आणि ते गरजेचंच आहे. पण ज्यांचं नाव त्या वहीत नाही अशा बायकांनाही रक्तस्राव होतो. पोरं विहिरीत पोहायला शिकतात तेव्हा काठावर एक मोठा माणूस दोर घेऊन बसतो. कुठलं पोर बुडणार हे त्याला माहीत नसतं, आणि माहीत नसतं म्हणूनच तो बसलेला असतो. दवाखान्यातलं बाळंतपण म्हणजे तो काठावरचा माणूस.

तीन उशीर

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन संशोधक बायकांनी १९९४ साली बाळंतिणींच्या मृत्यूची कारणं मांडताना एक साधी विभागणी केली. ती आज जगभर वापरतात. पहिला उशीर घरात होतो, न्यायचं की नाही हे ठरवण्यात. दुसरा वाटेत, गाडी-रस्ता-नदी यांच्यात. तिसरा दवाखान्याच्या दारात पोचल्यावर, उपचार सुरू होण्यात.

बातमीत आपल्याला दुसरा उशीर दिसतो, कारण झोळीचा फोटो काढता येतो. तिसरा उशीर कॅमेऱ्यात येत नाही. आणि मला सगळ्यांत कळीचं वाटतं ते हे, की तिसरा उशीरच पहिल्या उशिराला जन्म देतो. मागच्या वर्षी शेजारची बाई रात्री केंद्रावर गेली, दाराला कुलूप होतं, तिथून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला पाठवली, आणि गाडीतच बाळंत झाली. ही गोष्ट अख्ख्या पाड्याला पाठ असते. पुढच्या बाईच्या कळा सुरू होतात तेव्हा तिची सासू म्हणते, ‘थांब जरा, बघू.’ त्या ‘थांब जरा’ला आपण अडाणीपणा म्हणतो. ती अनुभवातून आलेली सावधगिरी असते.

तिचा हिशोब

पाहणीत बायकांना ‘दवाखान्यात का गेला नाहीत’ असं विचारतात तेव्हा ‘गरज वाटली नाही’ हे उत्तर पुन्हा पुन्हा येतं. फॉर्मवर एक टिक, विषय संपला. पण त्याच बाईशी चुलीजवळ बसून बोललं की ‘गरज वाटली नाही’ या तीन शब्दांत काय काय भरलेलं असतं ते दिसतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. म्हणजे कुठे बाळंत व्हायचं हा प्रश्न आपल्याकडे मुळात सासर की माहेर असा सुरू होतो. तो आईच्या हातच्या जेवणाचा, शेकशेगडीचा, सव्वा महिना निवांत पडण्याचा प्रश्न असतो. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते, तिची नोंद मात्र सासरच्या नर्सताईकडे राहते. तिकडच्या आशाला ही नवी, इकडच्या आशाच्या हातून ही सुटलेली. माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर नेलं तर निदान रक्त किती, गट कोणता, आधी काय झालं ते तरी कळतं. ते कार्ड ट्रंकेत सासरीच राहिलेल्या मुली मी पाहिल्यात.

दुसरं-तिसरं बाळंतपण सासरी होतं. तेव्हा तिच्या डोक्यात काय चालू असतं? घरी दोन लहान लेकरं, त्यांना कोण सांभाळणार. शेळ्या कोण सोडणार. नवरा दवाखान्यात बसला तर त्याची मजुरी गेली, सासू बसली तर चूल बंद. सरळ बाळंतपणानंतर ४८ तास दवाखान्यात थांबायचं असतं. तिच्यासाठी ते दोन दिवस म्हणजे घराची आख्खी घडी विस्कटणं.

मग पैसा. जननी सुरक्षा योजना २००५ सालची. आपल्या राज्यात दवाखान्यात बाळंत झालेल्या पात्र ग्रामीण बाईला तिच्यातून ७०० रुपये मिळतात. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, न्यायची-आणायची गाडी, सगळं मोफत. तरीही २०१९-२१च्या पाहणीत सरकारी दवाखान्यातल्या एका बाळंतपणामागे घरच्यांच्या खिशातून देशात सरासरी २,९०० रुपयांच्या आसपास गेले. येण्याजाण्याची जीप, बाहेरून आणलेली औषधं, सोबतच्या माणसांचं खाणंपिणं, ‘मुलगा झाला, पेढे द्या’ म्हणून मागितलेले पैसे. सातशे येणार, तेही नंतर, बँकेचं खातं असेल तर. आणि हजारो आज जाणार. हे गणित तिला कुणी शिकवावं लागत नाही.

ऊसतोडीचं उदाहरण तर मनातून जात नाही. बीड, धारूर, वडवणी, पाटोदा भागातली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. राहायला पाचटाची नाहीतर प्लास्टिकच्या कागदाची कोपी. एक दिवस काम चुकलं की ‘खाडा’ आणि त्याचे पैसे उचलीतून वळते होतात. गरोदर बाई नवव्या महिन्यातही डोक्यावर मोळ्या वाहते. तिचं गाव तिथून शे-दोनशे किलोमीटरवर, तिच्या नावाची वही तिकडे. कारखान्याजवळच्या गावातल्या आशाला ती माहीतच नसते, कारण तळ आज या फडात तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. पहाटे कळा येतात, कोपीत शेजारची बाई नाळ कापते. ‘तिने घरी बाळंत व्हायचं निवडलं’ असं आपण म्हणतो. तिचं घर कुठे आहे तिथे? आणि निवडायला तिच्यापुढे दुसरं होतं काय?

जे आकड्यांत येत नाही

एवढं सगळं जमलं, तरी एक गोष्ट उरते, आणि माझ्या अनुभवाने तीच सगळ्यांत खोलवर रुतून बसते. मोखाड्याकडच्या एका पाड्यावर एक बाई भेटली होती. पहिलं मूल दवाखान्यात झालेलं, दुसरं घरी. मी उलट क्रम गृहीत धरून गेले होते, म्हणून पुन्हा विचारलं. ती हळूहळू सांगत गेली. पहिल्या वेळी लोखंडी टेबलावर उताणी झोपवलं, पाय वर बांधल्यासारखे. आई दाराबाहेर, आत येऊ दिली नाही. ओरडली तर ‘तेव्हा नाही वाटलं का?’ असं बोलणं. आपली बोली आतल्या कुणालाच कळत नाही. लाजेने तिने पुढे तोंडच उघडलं नाही. दुसऱ्या वेळी घरी, सारवलेल्या जमिनीवर, आढ्याला बांधलेला दोर धरून उकिडवी बसली. सुईण मागून पाठ दाबत होती, आई समोर. ‘दुखलं तितकंच,’ ती म्हणाली, ‘पण एकटी नव्हते.’

तिने जे मागितलं त्यात वैद्यकशास्त्राला न पटणारं काहीच नाही. बाळंतिणीला तिला सोईची वाटेल त्या स्थितीत बसू द्यावं, तिच्या पसंतीचं माणूस सोबत असू द्यावं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींत आहे. सोबतिणीला सरकारी दवाखान्यात आत घेण्याचे निर्देश केंद्राने २०१६ सालीच दिलेत. नाळ लगेच न कापता जरा थांबावं, किमान एक मिनिट, असं आता डॉक्टरही सांगतात. आपल्या सुईणी तर वार पडेपर्यंत नाळेला हात लावत नसत.

हे लिहिताना मला नर्सताईही दिसते. एकाच रात्री दोन टेबलांवर दोन बायका, बाहेर तिसरी, सकाळी पुन्हा लसीकरण. तिच्या आवाजातला ताठरपणा तिथून येतो. त्याने शब्दांची जखम भरत नाही, पण दुरुस्ती कुठे करायची हे कळतं.

‘आमच्या आज्या-पणज्या घरीच बाळंत झाल्या, काय झालं?’

माझी आजी सहा वेळा घरी बाळंत झाली. चौथ्या वेळी वार पडेना, तेव्हा सुईणीने तिचीच वेणी तिच्या तोंडात कोंबली. ओकारीच्या उमाळ्याने पोट आवळलं आणि वार पडली. आजी हे हसत सांगायची. तिची धाकटी जाऊ मात्र त्याच घरात, त्याच सुईणीच्या हातून बाळंत होताना गेली. तिची गोष्ट सांगायला ती उरली नाही. आपण नेहमी जगलेल्या आज्यांकडूनच बाळंतपणाच्या गोष्टी ऐकतो.

देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ सालच्या अहवालात दर हजार जन्मांमागे सुमारे वीस माता दगावतात असा अंदाज होता. एका बाईची सहा बाळंतपणं धरा. प्रत्येक वेळी हजारात वीसचा धोका घेतला तर नऊतली एक बाई बाळंतपणापायी जायची. ‘बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म’ ही म्हण अलंकार म्हणून पडलेली नाही. आज हा आकडा एक लाख जिवंत जन्मांमागे मोजावा लागतो, त्यालाच माता मृत्यू प्रमाण म्हणतात. २०१८-२० मध्ये तो देशात ९७ होता, महाराष्ट्रात ३३.

‘मग सुईणींनाच शिकवा ना’

शिकवलं. अनेक वर्षं सरकारने दायी प्रशिक्षणं घेतली, पाच स्वच्छता शिकवल्या: हात, जागा, पातं, दोरा, नाळ. त्याने आणि धनुर्वाताच्या लसीने मिळून मोठं काम केलं. २०१५ साली भारतातून बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. पण रक्त थांबवणं, झटके आटोक्यात आणणं, अडलेलं मूल काढणं हे स्वच्छ हातांनी होत नाही. त्याला इंजेक्शन, रक्त आणि शस्त्रक्रिया लागते. सुईणीची जागा मला तरी बाळंतिणीच्या पाठीशी दिसते, दवाखान्याच्या खोलीत, सोबतीण म्हणून. तिचा हात आणि तिचे शब्द तिथे हवे आहेत.

एक अपवाद सांगायला हवा. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचा एक अभ्यास झाला, २००६ साली तो प्रसिद्ध झाला. या गोळीला फ्रिज लागत नाही. नर्सताईंनी बाळ बाहेर आल्यावर लगेच ती दिली, तेव्हा जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून साडेसहाच्या आत आलं. जिथे पोचणं खरंच अशक्य आहे तिथे हा आधार आहे. पण शिकलेल्या हातानेच, आणि बाळ जन्मल्यावरच.

‘परदेशात तर शिकलेल्या बायका घरी बाळंत होतात’

होतात. नेदरलँड्समध्ये ती जुनी पद्धत आहे. इंग्लंडमध्ये सुमारे ६४ हजार बाळंतपणांचा मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात कमी जोखमीच्या, दुसऱ्या किंवा पुढच्या खेपेच्या बायकांच्या बाळांना घरी जास्त धोका आढळला नाही. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कुणी सांगत नाही. पहिलटकरणींपैकी ज्यांनी घरी बाळंत व्हायचं ठरवलं होतं, त्यातल्या ४५ टक्के बायकांना मध्येच किंवा लगेच नंतर दवाखान्यात हलवावं लागलं. त्यांच्या घरी शिकलेली सुईण दोन पिशव्या भरून औषधं घेऊन आलेली असते, आणि हाक मारताच रुग्णवाहिका येते. त्यांचं ‘घर’ म्हणजे दवाखान्याची एक लांबवलेली खोली. तोरणमाळच्या पाड्यावरचं घर तसं नाही.

‘दवाखान्यात गेलं की सिझरच करतात’

ही भीती निराधार नाही. २०१९-२१च्या पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारी दवाखान्यांत १४ टक्के. लोकसंख्येच्या पातळीवर सिझरचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्याने मातांचे वा नवजात बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली म्हटलंय. एकीकडे नको तिथे पोट उघडलं जातं, दुसरीकडे धडगावच्या बाईला हवं तेव्हा मिळत नाही. पण या भीतीपायी आरोग्य केंद्र टाळण्यात अर्थ नाही. तिथे सिझर होतच नाही, सरळ बाळंतपणच होतं. आठव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरांना विचारून ठेवा: रात्री इथे कोण असतं? पुढे पाठवायचं झालं तर कुठे, आणि तिथे रक्त मिळतं का?

बाई आली, पुढे काय?

जननी सुरक्षा योजनेनंतर बायका दवाखान्यात आल्या. मागास मानलेल्या नऊ राज्यांचा अभ्यास करून संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की तिथे दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण पाच वर्षांत २० टक्क्यांवरून ४९वर गेलं, पण ज्या जिल्ह्यांत ते जास्त वाढलं तिथे मातामृत्यू त्या मानाने जास्त घटले असं दिसलं नाही. देशात मृत्यू कमी होत आलेत हे खरं. पण बाईला नुसतं इमारतीत आणलं आणि इमारतीत रक्त नसलं, भूलतज्ज्ञ नसला, तर तिची फक्त मरण्याची जागा बदलते. हे वाक्य कठोर आहे, तरी मी ते तसंच ठेवते.

मग काय उपयोगी पडतं? आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ आहे. दिवस भरायच्या आधी काही दिवस बाईने तिथे येऊन राहायचं, सोबत एक नातलग आणि धाकटं मूल. जेवण मिळतं, बुडीत मजुरी मिळते. क्यूबात अशी घरं १९६२ पासून आहेत. ही कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण तिने बाईचा हिशोब ऐकला. नदी फुगायच्या आत बाई नदीच्या अलीकडे आणायची, आणि लेकराला घरी सोडायला लावायचं नाही. ज्या माहेरघरात चूल पेटते, बायकांना आपली भाकरी आपल्या पद्धतीने करून खाता येते, तिथे त्या थांबतात. जिथे नुसती खाट आणि पंखा, तिथे दुसऱ्या दिवशी निघून जातात.

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब, श्वास, दूध, जंतुसंसर्ग ओळखणं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ साली त्यांनी प्रसिद्ध केलं. आज देशभर आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, त्याचं मूळ तिथे आहे. बाळंतपण कुठेही झालं तरी बाळ शेवटी घरीच येतं.

जव्हारच्या बाजूला एका आशाताईची वही मी पाहिली. छापील रकाने सरकारचे: नाव, शेवटची पाळी, संभाव्य तारीख, रक्त, आधीची बाळंतपणं. त्याच्या पुढे तिने पट्टीने आखून स्वतःचे रकाने काढले होते. रात्री गाडी कुणाची. सोबत कोण. लेकरं कुणाकडे. शेळ्या कुणाकडे. सप्टेंबरातली तारीख असलेल्या एका बाईच्या ओळीत पहिल्या तीन रकान्यांत नावं लिहिलेली होती. लेकरांपुढे ‘थोरली जाऊ’. शेळ्यांचा रकाना अजून मोकळा होता, आणि त्यासाठीच आम्ही त्या संध्याकाळी तिच्या घरी निघालो होतो.